मनोऱ्याची तिसरी दांडी

हात घसरला. बघायला गेलं तर एवढंच. मंगळवारी संध्याकाळी कचेरीतून येता येता मी बालोद्यानात शिरलो, पोरांना चढायला केलेल्या लोखंडी मनोऱ्यापाशी आलो, चपलेत खडा गेला होता तो काढायला एका पायावर उभा राहिलो आणि आधाराला म्हणून मनोऱ्याची तिसरी दांडी धरली, तर साबणाची ओली वडी धरावी तसा हात सर्रकन सुटला. पडलो नाही. कपाळ मात्र चौथ्या दांडीवर खणकन आपटलं आणि वर चढून बसलेली दोन कार्टी खिदळली. "पन्हाळा चढायला दम लागतोय वो काका," त्यातलं एक म्हणालं. पोरांनी मनोऱ्याला पन्हाळा नाव ठेवलंय. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी माझ्या हाताकडे बघत होतो. बोटं चकाकत होती. अंगठा बोटावर चोळून पाहिला. ओशट. थोडी धूळ, आणि धुळीच्या खाली तेल. वास घेतला, पण माझ्या नाकात गेल्या पंधरा वर्षांत तपकिरीशिवाय दुसरा वास शिरलेला नाही. तरी तेल ते तेलच. लोखंडाला गंज येईल, रंगाचे पोपडे येतील, एखाद्या पोराचा शेंबूड लागेल. तेल आपोआप येत नाही. तेल कुणीतरी लावावं लागतं. आणि पोरांच्या चढायच्या दांडीला जो तेल लावतो त्याच्या मनात काय असतं, हे सांगायला काय ज्योतिषी पाहिजे?

मी संशयी आहे असं माझी बायको श्यामला म्हणते. म्हणू दे. संस्थानच्या बांधकाम खात्यात वीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस संशयी नसेल, तर त्याने बांधलेल्या पुलावरून लोकांनी जाऊ नये. चुन्यात वाळू किती, विटेच्या पोटात काय, गवंडी 'झालं' म्हणतो तेव्हा काय व्हायचं राहिलेलं असतं, हे बघणं हाच माझा धंदा. मग संस्थान विलीन झालं. आम्ही दरबारचे होतो ते मुंबई सरकारचे झालो, वरच्या जागांवर बाहेरची माणसं आली, आणि मला कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. काम काय, तर जुने नकाशे गुंडाळून नाडी बांधायची. ज्यांनी माझी खुर्ची हलवली ते सगळे माझ्याशी हसून बोलत होते. तेव्हापासून कुणी हसलं की मी त्याच्या हाताकडे बघतो. श्यामला म्हणते, "अहो, तुम्ही जेवायला बसताना सुद्धा आधी पाट हलवून बघता." बघतो. पाट डुगडुगत असला तर? माणूस ताटावर पडल्यावर बघायचं का?

म्हणून आमच्या पेठेतल्या लोकांनी बालक्रीडा मंडळ काढलं, मुलांना चढा-उतरायला एक मनोरा उभारायचं ठरवलं, आणि अध्यक्ष दादासो वकील आपणहून माझ्या घरी येऊन म्हणाले, "ओव्हरसियर, निवड तुमची आणि सही तुमची, तुम्ही पसंत कराल तो मनोरा," तेव्हा मी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चार वर्षांत मला असं कुणी काही म्हटलं नव्हतं. तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. मुंबईच्या एका कंपनीचं चित्रांचं पुस्तक मागवलं होतं. त्यात बूटमोजे घातलेली गोरी पोरं चपट्या पट्ट्यांच्या मनोऱ्यावर चढत होती. चपटी पट्टी अनवाणी तळव्याला कापते, आणि आमच्या पोरांना कुठले आलेत बूट? ते बाद. एका सुताराने सागवानी मनोऱ्याचा हातभर नमुना करून आणला, मोठा देखणा, पण लाकूड आतल्या आत तडकतं आणि बाहेर दिसू देत नाही. तेही बाद. राहिला उद्यमनगरातल्या वर्धमान मगदुमांचा लोखंडी नळ्यांचा मनोरा. वर्धमानअण्णा उसाचे चरक ओतणारा माणूस, त्याला सगळंच दांडगं लागतं. तो पंधरा फूट म्हणाला, मी नऊ फुटांच्या वर जाऊ दिलं नाही. नळी केवढी जाड हवी हे मी पुस्तकात बघून ठरवलं नाही. माझ्या नंदिनीला समोर बसवलं, सात वर्षांची आहे ती, तिच्या मुठीत कागदाच्या सुरळ्या देत गेलो आणि जी तिच्या मुठीत घट्ट बसली तिचं माप घेतलं. खाली उभ्या असलेल्या पोराने हात उचलला की तो बरोबर तिसऱ्या दांडीवर पडला पाहिजे, हेही तिलाच भिंतीपाशी उभं करून ठरवलं. मनोरा उभा राहिल्यावर प्रत्येक जोड हातोडीने वाजवून ऐकला, सही केली, आणि घरी येऊन नंदिनीला सांगितलं, "तू अजून चढायचं नाहीस."

"का हो बाबा? माझ्या मुठीचा आहे ना तो?"

"आहे. पण माझी खात्री झाल्यावर."

श्यामला त्या वेळी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे लोकांच्या पोरांसाठी सही केलीत आणि आपल्या पोरीसाठी नाही?" तीन आठवडे सगळी पेठ त्या पन्हाळ्यावर लोंबकळत होती आणि नंदिनी बहुतेक संध्याकाळी माझ्याबरोबर येऊन कट्ट्यावर बसून बघत होती, दोन्ही मुठी मांडीवर आवळून.

एका गोष्टीबद्दल मात्र मला मुळीच शंका नव्हती, ती म्हणजे मनोऱ्याखालची माती. दादासो म्हणाले होते, नदीची वाळू टाकू. मी म्हणालो, नाही, तालमीची माती. त्याला कारण आहे. मी आठ वर्षांचा होतो, माझा थोरला भाऊ अंबादास अकराचा. आमच्या पेठेतल्या तालमीत आढ्याला दोर बांधलेला असे आणि अंबादास त्यावर वानरासारखा चढायचा. त्या दिवशी आढ्याला हात लावून तो "बंडूऽ, बघ!" म्हणून ओरडला, घरात मला बंडू म्हणत, आणि दुसऱ्याच क्षणी खाली आला. कुस्तीच्या हौदात नाही, हौदाच्या दगडी काठावर. माती दोन हात अलीकडे होती. मातीत पडला असता तर अंग झाडून हसला असता. दगडावर पडला तो आज शाहूपुरीतल्या आपल्या वह्यापुस्तकांच्या दुकानात उजवा पाय ओढत फिरतो. दोराचं खालचं टोक पिराजीच्या हातात होतं. पिराजी अंबादासच्याच वयाचा. मी त्याचं तोंड बघितलं, तो हसत होता. त्याने दोर हिसकला, नाहीतर आधीच दोराला तेल चोपडून ठेवलं, असं मी तेव्हापासून धरून चालतो. अंबादासला विचारलं की तो वैतागतो, "अरे, कुणी काही केलं नाही. मर्दन करून आलो होतो मी, हाताला तेल होतं, सुटला हात." पडणाऱ्या माणसाला काय दिसतं? बघणारा मी होतो.

आणि दैव बघा, तोच पिराजी आता त्या तालमीचा वस्ताद आहे. तशी माती पेठेत दुसरा कुणी करत नाही, म्हणून नाक मुठीत धरून मला त्याच्याच दारात जावं लागलं. तो स्वतः गाडीवर बसून माती घेऊन आला. "पैलवान गड्यांच्या हौदासाठी करतोय तशीच केलीया, ओव्हरसियरसायेब. चाळून, तेल-ताक-हळद पाजून मळलीया. पोरगं वरनं आलं तरी गादीवर आल्यागत वाटंल त्येला." मी कोपरापर्यंत हात घातला. मऊ, थंडगार, तांबडी, लोण्यासारखी माती. पिराजीवर माझा विश्वास नाही, पण मातीवर बसला. अंबादास पडला त्या दिवसापासून जी दोन हातांची चूक माझ्या छातीत रुतून बसली होती ती मी त्या मनोऱ्याखाली बुजवून टाकली, असं मला वाटलं. बाकी सगळ्यावर शंका घ्यावी, ह्या मातीवर नाही.

बुधवारी सकाळी कचेरीच्या आधी मी पुन्हा बागेत गेलो. तिसरी दांडी कोरडी ठणठणीत. दुसरी कोरडी, चौथी कोरडी. रुमालाने पुसून रुमाल उजेडात धरला, डाग नाही. दुसरा एखादा म्हणाला असता, भास झाला असेल, चला. मी मात्र तिथंच बसून हिशोब मांडला. संध्याकाळी तेल असतं आणि सकाळी नसतं याचा अर्थ काय? लावणारा पुसतोसुद्धा. म्हणजे वेडा नाही, खोडकर पोर नाही, पुरता विचार करून वागणारा माणूस आहे. माझी सही असलेला मनोरा. एखादं पोर पडलं की लोक काय म्हणणार? नकाशे गुंडाळणाऱ्याला अजून काय येणार, म्हणणार. कुणाला हवं असेल हे? कचेरीत दिवसभर नाड्या बांधता बांधता मी एकेक तोंड आठवत होतो आणि प्रत्येक तोंड हसत होतं.

दुपारच्या सुट्टीत उद्यमनगर गाठलं. वर्धमानअण्णा भट्टीपाशी धोतर खोचून उभा होता. मी सरळ विचारलं, "अण्णा, नळ्या नव्याच होत्या ना?"

"आता ह्ये काय नवीन? नव्या की! तुमीच न्हाई का वाजवून घेतल्या?"

"दांडीला तेल सुटतंय. तिसऱ्या."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग पोट धरून हसला. भट्टीवरची माणसंही वळून बघायला लागली. "वो ओव्हरसियर, नळी हाय ती, तेल्याचा घाणा न्हवं! लोखंडातनं तेल निघाय लागलं तर मी चरक कशाला ओतीन?" मग माझं तोंड बघून त्याने डोळे पुसले. "माझी नात, प्रभावती, रोज चढती त्यावर. कायतरी काळंबेरं असतं तर मी तिला चढू दिलं असतं व्हय?" बोलणं बिनतोड होतं. एवढं बिनतोड बोलणं त्याच्यापाशी तयार कसं होतं, याचा विचार करत मी परत आलो. संध्याकाळी नंदिनीला घरीच ठेवलं आणि एकटा बागेत गेलो. दांडी पुन्हा ओशट. या वेळी पहिली आणि दुसरीसुद्धा, पण सगळ्यात जास्त तिसरी. कट्ट्यावर बसून मी बघत राहिलो. पोरं मातीत लोळत होती, एकमेकांना चीत करत होती, उठून मनोऱ्यावर धावत होती, वरून मातीत उड्या टाकत होती आणि पुन्हा धावत होती. पन्नासएक पोरं. त्यांच्यात मोठं माणूस एकच होतं, खाकी कोटातला पहारेकरी आकाराम. तोंडात शिट्टी, हात पाठीमागे बांधलेले. हात पाठीमागे का?

आकाराम पूर्वी संस्थानच्या पागेत घोड्यांच्या तैनातीला होता. पागा मोडली तसा तोही उघड्यावर पडला, आणि दादासोंनी त्याला इथं लावून घेतलं. वास्तविक आम्ही दोघं एकाच वावटळीने उडालेले. मला त्याची कणव यायला हवी होती. पण मी असा विचार केला की ज्याचं गेलं आहे त्याच्याच मनात राग असतो. माझ्या नाही का? दिवसभर बागेत तोच असतो. सकाळी फाटक उघडतो तो, संध्याकाळी लावतो तो. फाटकाच्या बिजागरीला घालायला त्याच्या खोलीत तेलाची चोचीची डबी असते, ती मीच मंडळाच्या यादीत लिहून दिली होती. एकदा हे जुळलं आणि मग सगळं भराभर जुळत गेलं. मला त्याचं दुःख झालं नाही. उलट बरं वाटलं. घरात शिरलेला विंचू एकदाचा दिसावा, तसं बरं वाटलं.

गुरुवारी उजाडताना मी बागेच्या मागच्या अंगाने, चिंचेच्या आडून आत आलो. आकाराम मनोऱ्यापाशी गुडघ्यावर बसला होता. हातात फडकं. तिसऱ्या दांडीवर फडकं दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढत होता, आणि तोंडाने घोड्याशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत होता. मी जाऊन त्याचं मनगट धरलं. फडकं तेलाने काळं झालं होतं.

"सापडलास! काय लावतोयस?"

तो दचकला, पण हात सोडवून घेतला नाही. "लावत न्हाई, सायेब. पुसतोय की."

"पुसतोय! आणि संध्याकाळी लावतं कोण?"

"सांजच्याला आपसूक हुतंय. म्या रोज पुसतो, पोरं यायच्या आदी. ती माती हाय न्हवं का, ती..."

"मातीचं नाव काढायचं नाही!" मी एवढ्या जोराने ओरडलो की चिंचेवरचे कावळे उडाले. माझ्या मातीवर ढकलतो? सगळ्या जगात एक गोष्ट मी निःशंक मनाने केलेली, आणि हा पागेतला माणूस तिच्यावर बोट ठेवतो? आकाराम माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. कसलातरी विचार होता, आडमुठ्या जनावराला कसं समजवावं असा. मला तो लबाडीचा वाटला.

आकारामला घेऊन मी तसाच दादासो वकिलांच्या घरी गेलो, तर त्यांनी कुरकुर केली. "ओव्हरसियर, माणूस गरीब आहे हो. आणि त्याला यातून मिळणार काय?" मी फडकं टेबलावर ठेवलं, डबी ठेवली, सकाळ-संध्याकाळच्या माझ्या नोंदी वाचून दाखवल्या, आणि शेवटी म्हणालो, "मनोऱ्यावर माझी सही आहे. तो राहणार असेल तर माझी सही काढून घ्या." वकिलांनी आकारामला कोट उतरवायची खूण केली. आकारामने कोट काढून घडी घातली, वर शिट्टी ठेवली, टेबलावरचं आपलं फडकं तेवढं उचललं. दारातून वळून म्हणाला, "सायेब, तेवढं रोज सकाळच्याला पुसायला सांगा कुणालातरी. न्हाईतर एखादं पोर पडंल." ही धमकी होती. "ऐकलंत?" मी वकिलांना म्हणालो, "जाता जाता धमकी देऊन गेला." मग आम्ही दोघांनी जाऊन मनोरा स्वच्छ पुसून घेतला. वकिलांनी माझा हात हातात घेऊन दाबला. घरी जाताना मी बऱ्याच वर्षांनी शीळ घालत होतो.

आणि आता जे सांगायचं ते सांगताना माझी मलाच चीड येते. जन्मभर प्रत्येक गोष्ट तीनतीनदा तपासणारा मी, शुक्रवारी तपासलं नाही, शनिवारी तपासलं नाही. चोर गेला, म्हणजे चोरी संपली. रविवारी संध्याकाळी नंदिनीची वेणी श्यामलाने घट्ट बांधून दिली, "झाली का एकदाची तुमची खात्री?" म्हणाली, आणि मी "झाली" म्हणालो. बाग पोरांनी फुलली होती. नंदिनी आधी त्यांच्याबरोबर मातीत धावली, लोळली, तीन आठवड्यांचं सगळं लोळणं तिने दहा मिनिटांत फेडलं. मग मनोऱ्याखाली येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. "चढ," मी म्हणालो. "मी आहे खाली." तिने हात उचलला. तो बरोबर तिसऱ्या दांडीवर पडला. मूठ घट्ट बसली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला मी उगीचच सांगितलं, माझी मुलगी. चौथी, पाचवी, सहावी. वरच्या दांडीला हात लावून ती ओरडली, "बाबाऽ, बघा!"

मी बघत होतो. तिचा हात बघत होतो. कुणी हलवलं नाही, कुणी ढकललं नाही, आसपास कुणी नव्हतं. मूठ बंद होती आणि बंद मूठ नळीवरून सरकली. बस. नऊ फुटांवरून माझी पोर पाठीवर पडली. आवाज झाला तो गादीवर गाठोडं टाकल्यासारखा. मी धावलो की नाही ते आठवत नाही. मी तिच्यापाशी होतो आणि मला समोर दिसत होती ती नंदिनी नव्हती, दगडी काठावरचा अंबादास होता. मग ती खोकली. उठून बसली. केसांत, पापण्यांत, दातांवर तांबडी माती. "बाबा, हात सुटला," ती म्हणाली, आणि डावं मनगट धरून रडायला लागली. तिला उठवायला मी तिचा उजवा हात धरला, तर तो माझ्या हातातून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

घरी मनगट सुजलं होतं, मोडलं नव्हतं. श्यामलाने आंबेहळद उगाळली. लेप लावायला तिने पोरीचा हात जवळ घेतला आणि नाक वर करून म्हणाली, "अगं बाई, तालमीचा वास येतोय हिच्या हातांना. तेलाचा, ताकाचा. पिराजी वस्तादाची माती ती. चिकटून बसलीय नुसती, धुतली तरी ओशटपणा जाईना." ती सहज बोलत होती. तिला काय ठाऊक ती काय बोलतेय. मी मोरीत गेलो. माझे हात बघितले. ओशट, थोडी धूळ, धुळीच्या खाली तेल. तेल कुणीतरी लावावं लागतं, बरोबर आहे. पन्नास पोरं रोज संध्याकाळी लावत होती, माझ्या मातीत हात भरून, मी ठरवून दिलेल्या तिसऱ्या दांडीवर. पिराजीच्या गड्यांना दांडीवर चढायचं नसतं, त्यांना मातीत पडायचंच असतं. एवढी साधी गोष्ट. अंबादास पस्तीस वर्षं मला तेच सांगत होता, हाताला तेल होतं, सुटला हात. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मला कुणाचा राग धरून बसता आलं असतं? मोरीत उभा राहून मी रडलो. पोरीच्या दुखण्याने नाही. ती हसत खेळत जेवायला बसली होती.

त्याच रात्री दादासोंना चिठ्ठी लिहिली. चूक माझी आहे, माती काढून वाळू टाकावी, आकारामला मानाने परत बोलवावं, खाली सही. सोमवारी सकाळी मी नदीकडच्या वस्तीत आकारामचं घर शोधत गेलो. त्याची बायको अंबूबाई दारात भांडी घासत होती. मी नाव सांगितलं तशी तिने पदर सारखा केला, पण बसा म्हणाली नाही.

"इचलकरंजीला गेल्यात. मागावर काम मिळतंय म्हनत्यात तिकडं."

"त्यांना सांगा, माझी चूक झाली. मंडळ परत घेणार आहे."

"सांगीन की." तिने राखेचा हात धुतला. दोरीवर एक फडकं वाळत होतं, तिने ते काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "रोज धूत हुते ह्ये. राखंनं, साबनानं. डाग काय जाईत न्हाई. म्या म्हनायची, सायबास्नी सांगा की, मातीतलं तेल वर चढतंय म्हणून. तर म्हनायचे, सायबानी लई मायेनं घातलीया ती माती, त्येंच्या जिवाला लागंल. माझं काय जातंय, रोज पुसून घेतो. घोडं पुसल्यागत." तिने फडक्याची घडी घातली. "सांगीन, पर येतील असं न्हाई वाटत मला. चोर म्हणून भाईर पडल्यात न्हवं का पेठंतनं."

मी ते फडकं मागून घेतलं. तिने दिलं.

मंडळाची बैठक गुरुवारी आहे, वाळूच्या गाड्या त्यानंतर येणार. तोपर्यंत पोरं थांबतात होय? आज मंगळवार. उजाडता उजाडता मी बागेत आलो, मनोऱ्यापाशी गुडघे टेकले आणि तिसऱ्या दांडीपासून सुरुवात केली. सोपं काम नाही. वरवर फिरवलं की तेल पसरतं, दोन्ही हातांनी फडकं ओढून घासावं लागतं, खांदे भरून येतात. पाच दांड्या झाल्या तेव्हा फाटकातून एक बाई पोरीला घेऊन आत आली. गावात नवीन असावी, मला ओळखत नव्हती. पोरगी मनोऱ्याकडे धावणार, तोच बाईने तिला मागे ओढलं. माझ्या मातीने भरलेल्या गुडघ्यांकडे बघितलं, हातातल्या काळ्या फडक्याकडे बघितलं, मग चकाकणाऱ्या बोटांकडे.

"काय लावाय लागलाय वो पावणं, पोरांच्या दांडीला?"

"लावत नाही, बाई," मी म्हणालो. "पुसतोय."

तिने मान डोलावली. पण पोरीचा हात सोडला नाही. ती नजर मला ओळखीची होती. तिला काहीतरी आणखी सांगायला मी तोंड उघडलं, हे मातीतलं तेल आहे म्हणायला, पण ती पोरीला जवळजवळ फरफटत फाटकाबाहेर घेऊन गेली होती.

मी सहावी दांडी पुसायला घेतली.